‘मेतानोएइते’ : एका आज्ञेचा अर्थ

एखाद्या हुकुमातील एका क्रियापदाचा अर्थ कसा लावावयाचा, यावर पुष्कळांचे बरेवाईट अवलंबून असते, हे सरकारी दप्तरात ज्यांची हयात गेली त्यांना वेगळे सांगावयास नको. हुकूम देणारा दूर असतो, त्याची भाषा अनेकदा वेगळी असते, आणि अंमल करणाऱ्याच्या हाती उरतो तो केवळ शब्द. बायबलच्या नव्या करारात असाच एका शब्दाचा एक हुकूम आहे. येशूने आपल्या उपदेशास प्रारंभ केला तो याच शब्दाने, असे मत्तय आणि मार्क या दोन शुभवर्तमानांत नमूद आहे. त्याच्या आधी अरण्यात उपदेश करणाऱ्या योहानाच्या तोंडीही मत्तयाने हाच शब्द घातला आहे. मूळ ग्रीक शब्द आहे ‘मेतानोएइते’.

मराठी बायबलात या शब्दासाठी ‘पश्चात्ताप करा’ असे शब्द रूढ झाले आहेत. लॅटिन बायबलातील शब्द पश्चिम युरोपने कित्येक शतके ‘प्रायश्चित्त करा’ अशा अर्थाने वाचला. प्रचलित हिंदी बायबल म्हणते ‘मन फिराओ’. एकाच हुकुमाची ही तीन भाषांतरे तीन निरनिराळ्या गोष्टी करावयास सांगतात. पहिल्यात हृदयाची एक वेदना आहे, दुसऱ्यात मोजता येईल अशी एक कृती आहे, आणि तिसऱ्यात मनाची बदललेली दिशा आहे. मग मूळ शब्दात काय होते? हा प्रश्न केवळ पाद्र्यांचा किंवा व्याकरणकारांचा नाही. सोळाव्या शतकात पाश्चात्त्य ख्रिस्ती जग दुभंगले, त्या वादाच्या उंबरठ्यावरच हा शब्द उभा आहे.

प्रथम शब्दाची घडण पाहू. ‘मेतानोएओ’ हे क्रियापद ‘मेता’ हा उपसर्ग आणि ‘नोएओ’ हा धातू यांपासून बनले आहे. ‘नोएओ’ म्हणजे जाणणे, ध्यानात घेणे, विचार करणे. त्याचा संबंध ‘नूस’ म्हणजे बुद्धी किंवा मन या नामाशी आहे. ‘मेता’ या उपसर्गात ‘नंतर’ असा अर्थ आहे आणि ‘पालट’ असाही आहे. म्हणजे मागाहून जाणणे, आणि त्या जाणण्यामुळे आपले मत पालटणे, असे दोन्ही अर्थ या क्रियापदात एकत्र नांदतात. त्यापासून झालेले नाम ‘मेतानोइआ’.

संस्कृत व्याकरणाचा ज्यांना परिचय आहे त्यांना या क्रियापदाची रूपे फारशी परकी वाटणार नाहीत. ‘प्र’ उपसर्ग लागलेल्या ‘भू’ धातूचे भूतकाळी रूप ‘प्राभवत्’ असे होते. भूतकाळाचा ‘अ’ हा आगम उपसर्गाच्या आधी न येता उपसर्ग आणि धातू यांच्यामध्ये येतो. ग्रीक भाषेतही तोच नियम आहे. ‘मेता’ आणि ‘नोएओ’ यांच्यामध्ये ‘ए’ हा आगम शिरतो आणि ‘मेतेनोएसान’, म्हणजे ‘त्यांनी मन पालटले’, असे रूप सिद्ध होते. त्यातील ‘स’ देखील संस्कृतातील लुङ् लकाराच्या काही प्रकारांत दिसणाऱ्या ‘स’काराचा सखा आहे. दोन्ही भाषा एकाच कुळातील असल्याचा हा एक छोटासा पुरावा होय.

आज्ञार्थाची गोष्ट अधिक महत्त्वाची आहे. ग्रीक भाषेत आज्ञा दोन प्रकारे देता येते. एका प्रकारात क्रिया चालू राहणारी म्हणून पाहिली जाते, दुसऱ्यात ती एक अखंड घटना म्हणून पाहिली जाते. मराठीत ‘करीत राहा’ आणि ‘करून टाका’ यांत जो फरक आहे, साधारणतः तसाच हा फरक. योहान आणि येशू यांच्या तोंडी ‘मेतानोएइते’ हे पहिल्या प्रकारचे अनेकवचनी रूप आहे. ‘प्रेषितांची कृत्ये’ या ग्रंथात पेत्र यरुशलेममधील जमावाला सांगतो ते ‘मेतानोएसाते’ हे दुसऱ्या प्रकारचे. एकाच माणसाला वा एकाच मंडळीला उद्देशून येते ते ‘मेतानोएसोन’. ‘प्रकटीकरण’ ग्रंथात आशिया मायनरमधील मंडळ्यांना धाडलेल्या पत्रांत ते पुनःपुन्हा येते. व्याकरणाच्या अशा एका प्रत्ययावर सारा सिद्धान्त उभारणे धोक्याचे आहे, हे मान्य केलेच पाहिजे. तथापि एकदाच उरकून मोकळे व्हावे असे हे काम नाही, ही सूचना त्या पहिल्या रूपाला विसंगत नाही, एवढे म्हणता येईल.

आता हा शब्द बायबलमध्ये येण्यापूर्वी ग्रीक लोक तो कसा वापरीत होते ते पाहू. यासाठी थ्युसिडिडीस या इतिहासकाराने नोंदविलेल्या एका प्रसंगाकडे वळावे लागते. इ. स. पू. ४२७ मध्ये लेस्बॉस बेटावरील मितिलीनी या शहराचे अथेन्सविरुद्धचे बंड मोडले गेले. अथेन्सच्या लोकसभेने संतापाच्या भरात ठराव केला की, त्या शहरातील सर्व प्रौढ पुरुषांना ठार करावे आणि बायकामुलांना गुलाम करावे. तो हुकूम घेऊन एक युद्धनौका सेनापती पाकेस याच्याकडे रवाना झाली. दुसऱ्या दिवशी अथेन्सच्या नागरिकांमध्ये जी भावना उत्पन्न झाली तिच्यासाठी थ्युसिडिडीस जो शब्द योजतो तो ‘मेतानोइआ’. अपराध्यांबरोबर संपूर्ण शहराचाच नाश करणे हा निर्णय क्रूर आहे, असे त्यांना आता दिसू लागले होते.

सभा पुन्हा भरली. क्लिऑन या पुढाऱ्याने ठराव बदलण्यास कडवा विरोध केला. डायोडोटस नावाच्या नागरिकाने त्याला उत्तर दिले, आणि ते दयेच्या आधारावर न देता राज्याच्या हिताच्या आधारावर दिले. हात वर झाले तेव्हा दोन्ही बाजू जवळजवळ समसमान होत्या, परंतु डायोडोटसची सरशी झाली. लागलीच दुसरी नौका सोडण्यात आली. पहिली नौका सुमारे एक दिवस आणि एक रात्र पुढे होती. अथेन्समध्ये असलेल्या मितिलीनीच्या वकिलांनी वल्हेकऱ्यांसाठी मद्य आणि सातूचे पीठ पुरविले आणि वेळेत पोचल्यास मोठ्या बक्षिसाचे वचन दिले. वल्हेकरी मद्य आणि तेल यांत मळलेले पीठ वल्ही मारतामारताच खात होते आणि आळीपाळीने झोपत होते. सुदैवाने वारा प्रतिकूल नव्हता. आणि पहिल्या नौकेवरील लोकांना आपल्या कामाचा उत्साह नसल्याने ते संथपणे चालले होते. पाकेसने पहिला हुकूम वाचला होता आणि तो अमलात आणण्याच्या बेतात होता, एवढ्यात दुसरी नौका येऊन लागली. शहर वाचले. बंडाचे प्रमुख म्हणून ज्यांना धरले होते त्यांना मात्र देहदंड झालाच. थ्युसिडिडीस त्यांची संख्या हजाराहून थोडी अधिक देतो.

या प्रसंगात ‘मेतानोइआ’चे मूळ स्वरूप स्पष्ट दिसते. येथे कोणी अश्रू ढाळले नाहीत, कोणी उपवास केला नाही, कोणी दंड भरला नाही. काल जे योग्य वाटले ते आज अयोग्य दिसले, म्हणून निर्णय बदलला, आणि तो बदललेला निर्णय वेळेत पोचावा म्हणून माणसे जिवाच्या आकांताने वल्ही मारीत सुटली. दुसरी नौका निघालीच नसती, तर दुसऱ्या दिवशीच्या त्या पालटलेल्या मनाला मितिलीनीच्या लेखी काडीचीही किंमत उरली नसती.

मागाहून जाणण्यात उशिराचे वैगुण्य असते, हेही ग्रीक जाणत होते. एपिकार्मस या जुन्या विनोदी नाटककाराच्या नावावर एक वचन सांगितले जाते, त्याचा आशय असा की, शहाण्या माणसाने मेतानोइआ करण्यापेक्षा प्रोनोइआ करावी, म्हणजे मागाहून शहाणे होण्याऐवजी आधीच दूरवर पाहावे. बैल गेल्यावर झोपा करणाऱ्याची आपल्याकडे जशी थट्टा होते, तशीच ही थट्टा. स्टोइक तत्त्वज्ञांच्या मते तर खऱ्या ज्ञानी पुरुषाला मत बदलण्याचा प्रसंगच येत नाही. म्हणजे अभिजात ग्रीकांच्या दृष्टीने हा शब्द फारसा प्रतिष्ठेचा नव्हता. ती चुकणाऱ्या माणसाची सोय होती.

त्याला प्रतिष्ठा मिळाली ती यहुदी लोकांच्या हातून. इ. स. पू. तिसऱ्या शतकापासून अलेक्झांड्रिया येथे हिब्रू धर्मग्रंथांचे ग्रीक भाषांतर होऊ लागले. हे भाषांतर ‘सेप्टुआजिंट’ या नावाने प्रसिद्ध आहे. हिब्रूत या विषयाचे दोन धातू आहेत. एक ‘नहम’, त्याच्या विशिष्ट रूपाचा अर्थ कळवळणे, खंत वाटणे, घेतलेला निर्णय मागे घेणे असा होतो. दुसरा ‘शूब’, म्हणजे परत फिरणे, वळणे. संदेष्टे लोकांना देवाकडे परत येण्याची हाक देतात ती बहुतेक ‘शूब’ धातूने. अलेक्झांड्रियाच्या भाषांतरकारांनी ‘मेतानोएओ’ हे क्रियापद मुख्यत्वे ‘नहम’साठी राखले, आणि ‘शूब’साठी वळण्याचा अर्थ असलेली निराळी ग्रीक क्रियापदे वापरली.

याचा एक चमत्कारिक परिणाम असा झाला की, त्या भाषांतरात ‘मेतानोएओ’चा कर्ता पुष्कळदा स्वतः देवच आहे. योनाच्या ग्रंथात निनवे शहराचा राजा म्हणतो की, न जाणो, देव आपला निर्णय पालटीलही. आणि पुढे देव खरोखरच तो पालटतो. दोन्ही ठिकाणी क्रियापद हेच. निनवेचे लोक काय करतात? ते आपल्या वाईट मार्गांवरून मागे वळतात. तेथे क्रियापद निराळे आहे. शुभवर्तमानात मात्र येशू याच कथेचा उल्लेख करताना म्हणतो की, निनवेच्या लोकांनी योनाच्या उपदेशावरून ‘मेतेनोएसान’. जे क्रियापद देवाचे होते ते आता माणसांचे झाले. मधल्या काळात या शब्दाने ‘शूब’ धातूतील ‘परत वळण्या’चा अर्थही आपल्या पोटात घेतला होता. येशूची बोली अरमाईक. सीरियाक ख्रिस्ती लोकांच्या प्राचीन बायबलात या आज्ञेसाठी जो शब्द आहे तो ‘शूब’चाच अरमाईक भाऊ ‘तूब’.

नव्या करारात ‘मेतानोएओ’ हे क्रियापद ३४ वेळा आणि ‘मेतानोइआ’ हे नाम २२ वेळा येते. त्याच्याजवळचे, केवळ मागाहून वाईट वाटणे असा ज्याचा कल आहे ते ‘मेतामेलोमाइ’ हे क्रियापद मात्र अवघे ६ वेळा येते. त्यांतील एक प्रयोग विसरता येण्याजोगा नाही. यहूदा इस्कर्योत याने गुरूला धरून दिले. नंतर त्याला ते असह्य झाले, त्याने चांदीची ३० नाणी परत नेऊन टाकली आणि स्वतःचा अंत केला. मत्तय त्याच्याविषयी ‘मेतामेलोमाइ’ वापरतो, ‘मेतानोएओ’ वापरीत नाही. ही दोन क्रियापदे ग्रीकमध्ये सर्वत्र काटेकोरपणे वेगळी ठेवली गेली असे नाही. तरीही ताप कितीही दाहक असला तरी तो माणसाला नव्या वाटेवर नेतोच असे नाही, हे त्या प्रसंगापुरते या शब्दयोजनेतून सूचित होते.

उलट, खऱ्या मेतानोइआचे रूप कसे असावे याचे उत्तर लूकने दिलेले आहे, आणि ते आपल्या वाचकांना विशेष जवळचे वाटावे. मेतानोइआला साजेशी फळे द्या, असे योहान लोकांना बजावतो. लोक विचारतात, मग आम्ही करावे तरी काय? दोन अंगरखे असतील त्याने एक नसणाऱ्याला द्यावा, असे तो सर्वसामान्यांना सांगतो. मग जकातदार पुढे येतात. रोमन राज्याचा कर वसूल करणारी ही मंडळी लोकांच्या तिरस्काराचा विषय होती. योहान त्यांना नोकरी सोडावयास सांगत नाही, अरण्यात जावयास सांगत नाही; ठरवून दिले असेल त्याहून अधिक वसूल करू नका, एवढेच सांगतो. शिपाई विचारतात, त्यांना उत्तर मिळते की, धाकदपटशा आणि खोटे आळ यांनी कोणाचे काही उकळू नका, आणि आपल्या पगारात समाधान माना. बदललेले मन कचेरीतील वहीत आणि नाक्यावरील वर्तनात दिसावे, असा याचा अर्थ. येथे भावनेचे माप विचारलेले नाही आणि शिक्षेचेही माप ठरविलेले नाही.

यानंतर हा शब्द लॅटिन भाषेत गेला, आणि तेथे त्याचे दैव पालटले. लॅटिनमध्ये त्यासाठी ‘पेनितेन्तिआ’ हा शब्द रूढ झाला. खंत, असमाधान हा त्याचा मूळ अर्थ. पुढे ‘पेना’ म्हणजे दंड या शब्दाशी त्याचे नाते जोडले गेले आणि त्याचे स्पेलिंगही तसे होऊन बसले, जरी व्युत्पत्तिशास्त्राच्या दृष्टीने ते नाते खरे नाही. हा लॅटिन शब्द अपुरा आहे हे जाणकारांच्या लवकरच ध्यानात आले होते. तिसऱ्या शतकाच्या प्रारंभी कार्थेजच्या तर्तुलियनने मार्सियनविरुद्धच्या ग्रंथात नमूद केले की, ग्रीक शब्द अपराधाच्या कबुलीवरून बनलेला नसून मनाच्या पालटावरून बनलेला आहे. देव आपला निर्णय कसा पालटू शकतो, या आक्षेपाला उत्तर देताना त्याला हे स्पष्ट करावे लागले. चौथ्या शतकाच्या आरंभी लॅक्टॅन्शियसने ‘रेसिपिस्केन्तिआ’, म्हणजे पुन्हा शुद्धीवर येणे, हा शब्द अधिक योग्य मानला. परंतु रूढीपुढे विद्वत्तेचे काही चालले नाही. इ. स. ३८४ च्या सुमारास जेरोमने शुभवर्तमानांच्या जुन्या लॅटिन भाषांतराची सुधारणा पुरी केली, तेव्हा मत्तयात ‘पेनितेन्तिआम आगिते’ हेच शब्द राहिले. मार्कमध्ये मात्र त्याच आज्ञेसाठी एकशब्दी क्रियापद आहे. एकाच मूळ शब्दाची अशी दोन रूपे एकाच लॅटिन ग्रंथात शेजारी शेजारी नांदली.

‘पेनितेन्तिआम आगिते’ या दोन शब्दांतील ‘आगिते’ म्हणजे ‘करा’. जे करावयाचे ते कसे, किती आणि कोणापुढे करावयाचे, असे प्रश्न त्यातून ओघानेच उत्पन्न होतात. सहाव्या शतकापासून आयर्लंडमधील मठांत प्रायश्चित्तांच्या याद्या तयार होऊ लागल्या. अमुक पापाला अमुक दिवस भाकरी आणि पाणी, तमुक पापाला तमुक वर्षे उपवास. आपल्या स्मृतिग्रंथांतील प्रायश्चित्तप्रकरण ज्यांनी चाळले आहे त्यांना या याद्या ओळखीच्या वाटतील. पुढे कठोर उपवासाऐवजी स्तोत्रपठण, आणि काही ठिकाणी द्रव्य, असा पर्यायही आला. १२१५ च्या लॅटरन परिषदेने प्रत्येक श्रद्धावंताने वर्षातून किमान एकदा धर्मगुरूपुढे पापाची कबुली द्यावी, असा नियम केला. खंत, कबुली आणि भरपाई अशी या विधीची तीन अंगे शास्त्राने मानली होती, आणि खंत नसेल तर बाकीचे व्यर्थ, असेही शास्त्र सांगतच होते. हा न्याय जुन्या चर्चला दिलाच पाहिजे. परंतु मनाची खंत वहीत नोंदता येत नाही. उपवासाचे दिवस आणि नाणी मात्र मोजता येतात. मोजता येणारी गोष्ट हळूहळू न मोजता येणाऱ्या गोष्टीची जागा घेते, हा सर्वच संस्थांचा अनुभव आहे. क्षमेनंतरही उरणारी शिक्षा माफ करणारी ‘इंडल्जन्स’ नावाची पत्रे द्रव्याच्या बदल्यात मिळू लागली, ती याच वाटेवरची पुढची पायरी.

बदल आला तो पुन्हा ग्रीक पाठाकडे पाहिल्यामुळे. पंधराव्या शतकातील इटालियन पंडित लोरेन्झो वाल्ला याने लॅटिन नवा करार ग्रीक मूळ पाठाशी ताडून टिपणे लिहिली होती. इरॅस्मसला ती सापडली आणि त्याने ती १५०५ मध्ये पॅरिसला छापविली. १५१६ मध्ये इरॅस्मसने बाझल येथून नव्या कराराचा ग्रीक पाठ स्वतःच्या लॅटिन भाषांतरासह प्रसिद्ध केला. सामान्य लोक या शब्दाचा अर्थ ठरवून दिलेला दंड भोगणे असा समजतात, पण ग्रीक शब्दाचा अर्थ तो नव्हे, असे त्याने आपल्या टिपणांत दाखवून दिले, आणि ‘शुद्धीवर या’ अशा अर्थाचे पर्यायी शब्द सुचविले.

दुसऱ्याच वर्षी, ३१ ऑक्टोबर १५१७ रोजी, मार्टिन ल्यूथरने आपली ९५ विधाने मांडली. त्यांतील पहिलेच विधान या शब्दाविषयी आहे. येशूने हा हुकूम दिला तेव्हा श्रद्धावंताचे संपूर्ण आयुष्यच असे असावे हा त्याचा हेतू होता, असे ल्यूथर म्हणतो. आणि दुसऱ्या विधानात सांगतो की, धर्मगुरूंनी चालविलेला कबुलीचा आणि भरपाईचा विधी असा या शब्दाचा अर्थ होऊ शकत नाही. ३० मे १५१८ रोजी आपले वडीलधारे मार्गदर्शक श्टाउपिट्झ यांना लिहिलेल्या पत्रात त्याने कबूल केले आहे की, पूर्वी साऱ्या धर्मग्रंथात याहून कडू शब्द त्याला वाटत नव्हता, आणि आता याहून गोड शब्द वाटत नाही. ग्रीक शब्दाचे ‘मेता’ आणि ‘मन’ असे दोन तुकडे जाणत्यांकडून समजल्यावर आपल्या मनातील विचाराला आधार मिळाला, असे तो तेथे सांगतो. गंमत अशी की, त्याच्या जर्मन बायबलच्या अखेरच्या आवृत्तीत या आज्ञेसाठी ‘बुसे’ हा भरपाईचा आणि दंडाचा वास असलेला जुना शब्दच कायम आहे. सिद्धान्त बदलणे एक वेळ सोपे, पण लोकांच्या जिभेवरचा शब्द बदलणे कठीण.

इंग्लंडात हाच वाद अधिक कडवट झाला. विल्यम टिंडलने १५२६ मध्ये छापलेल्या इंग्रजी नव्या करारात ‘पेनन्स’ हा रूढ शब्द टाळून ‘रिपेन्ट’ हे क्रियापद घातले. १५२९ मध्ये टॉमस मोअरने त्यावर हल्ला चढविला. मोअरचे म्हणणे उडवून लावण्याजोगे नव्हते. कित्येक शतकांच्या वापराने एखाद्या शब्दात एक संपूर्ण संस्था वस्तीला येते. तो शब्द काढला की ती संस्थाही उखडली जाते, आणि भाषांतरकाराचा हेतू नेमका तोच आहे, असा त्याचा आरोप होता. १५३१ च्या उत्तरात टिंडलने ग्रीक शब्दाकडे बोट दाखविले. त्या शब्दात धर्मगुरूही नाही आणि दंडही नाही. पुढे दोघांचाही शेवट भीषण झाला. राजाचे धर्मसत्तेवरील प्रमुखत्व मान्य न केल्यामुळे १५३५ मध्ये मोअरचा शिरच्छेद झाला. पाखंडाच्या आरोपावरून १५३६ मध्ये ब्रुसेल्सजवळ टिंडलला गळा आवळून मारले आणि त्याचे प्रेत जाळले. १५८२ च्या रीम्सच्या कॅथलिक इंग्रजी नव्या करारात ‘प्रायश्चित्त करा’ असाच पाठ राहिला, आणि १६११ च्या राजमान्य इंग्रजी बायबलात टिंडलचे क्रियापद स्थिर झाले.

आता आपल्या देशाकडे वळू. बायबलाची मराठी भाषांतरे सुरू झाली ती महाराष्ट्राबाहेर, बंगालमध्ये. कलकत्त्याच्या फोर्ट विल्यम कॉलेजात मराठी शिकविणाऱ्या विल्यम केरीने १८०५ मध्ये मराठीचे व्याकरण छापले आणि १८११ मध्ये श्रीरामपूरच्या छापखान्यातून मराठी नवा करार बाहेर पडला. पुढे मुंबईतील मिशनऱ्यांनी आणि त्यांच्या मराठी सहकाऱ्यांनी हे काम चालविले. केडगावच्या मुक्तिसदनात पंडिता रमाबाई तर हिब्रू आणि ग्रीक स्वतः शिकल्या आणि मूळ भाषांवरून त्यांनी संपूर्ण बायबलाचे मराठी भाषांतर केले. १९२२ मध्ये त्यांचे निधन झाल्यावर १९२४ मध्ये ते प्रसिद्ध झाले.

नोकरीच्या निमित्ताने निरनिराळ्या प्रांतांत राहिलेल्या मराठी माणसाला एक तुलना सहज करता येईल. हिंदी आणि बंगाली बायबलांत ‘मन फिराओ’ असे रूप रूढ आहे. तमिळमध्येही ‘मन’ आणि ‘तिरुंबु’ म्हणजे वळणे यांचा समास आहे. तेलुगूत ‘मारुमनस्सु’, म्हणजे पालटलेले मन. मलयाळममध्ये ‘मानसान्तर’. कन्नड बायबल देवाकडे वळावयास सांगते, म्हणजे ते थेट हिब्रू ‘शूब’च्या जवळ जाते. गुजरातीत ‘पस्तावो’ आणि मराठीत ‘पश्चात्ताप’. आपल्या शब्दातील ‘पश्चात्’ हा ग्रीक ‘मेता’शी नेमका जुळतो, पण ग्रीकांनी त्याच्यापुढे बुद्धी ठेवली, आणि आपण ताप ठेवला.

म्हणून मराठी शब्द चुकीचा ठरतो काय? इतक्या घाईने निकाल देऊ नये. संतवाङ्मयात अनुताप हा वैराग्याचा दरवाजा मानला आहे. त्या तापातून माणूस पालटून बाहेर पडतो अशीच तेथे अपेक्षा आहे. मनुस्मृतीच्या अकराव्या अध्यायात प्रायश्चित्तांच्या लांबलचक यादीनंतर असे सांगितले आहे की, पाप केल्यावर तापलेला मनुष्य त्या पापातून सुटतो, आणि पुन्हा असे करणार नाही अशा निवृत्तीने तो शुद्ध होतो. दंड, ताप आणि निवृत्ती या तिन्ही गोष्टी आपल्या शास्त्रकारांनी एकत्र पाहिल्या होत्या. आणखी एक शब्द तर आपण रोज नकळत उच्चारतो. ‘तोबा’ हा अरबी शब्द फारसीच्या वाटेने मराठीत आला. अरबीत तो अरमाईक ‘तूब’वरून आला असे विद्वान मानतात. ‘तोबा तोबा’ म्हणून कानाला हात लावणारा मराठी माणूस येशूच्या बोलीतील त्या जुन्या ‘परत फिरा’चाच एक झिजलेला अवशेष उच्चारीत असतो.

शब्द कोणताही घ्या, तो झिजतो. ताप हा शब्द झिजून हळहळ उरते, प्रायश्चित्त झिजून पावती उरते, आणि ‘मन फिराओ’ हेदेखील झिजून नुसती घोषणा उरू शकते. मूळ क्रियापदाकडे पुनःपुन्हा जाण्याचे कारण एवढेच की, त्यात आधी नीट पाहणे आहे, आणि मग पाहिल्याप्रमाणे पावले वळविणे आहे. जकातदाराने आपली वही उघडून ठरलेल्या रकमेवर हात थांबवावा, इतके ते साधे आहे, आणि म्हणूनच इतके अवघड आहे.

या क्रियापदाच्या नव्या करारातील ३४ प्रयोगांत एक गोष्ट मोठी मननीय आहे. आज्ञा म्हणून, इशारा म्हणून, दुसऱ्यांविषयीचे विधान म्हणून ते पुष्कळदा येते. ‘मी’ हा कर्ता असलेले वर्तमानकाळी रूप, ‘मेतानोओ’, मात्र एकाच ठिकाणी आहे, लूकच्या सतराव्या अध्यायात. एखादा बंधू दिवसातून सात वेळा तुझा अपराध करील आणि सातही वेळा तुझ्याकडे परत वळून हा शब्द उच्चारील, तर त्याला क्षमा कर, असे तेथे येशू सांगतो. त्याला किती ताप झाला हे विचारावयास सांगितलेले नाही आणि त्याच्याकडून कोणता दंड घ्यावा हेही सांगितलेले नाही. दुसऱ्याला फर्मावण्यास हे क्रियापद फार सोपे आहे. प्रथमपुरुषी एकवचनात ते उच्चारणे, आणि दुसऱ्याने तसे उच्चारले असता त्यावर विश्वास ठेवणे, यांतच त्याचा खरा कस लागतो.